चौकातला फळा

गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमचा चौक. तिथं मी झेंडू विकायचे, अन् माझ्या पाठीमागच्या फळ्यावर आमचे हे, कोंडाजी, रोज सकाळी खडूनं बातमी लिहायचे. कोण वारलं, कुणाचा दहावा, नळाला पाणी कधी. भिमाजीतात्या ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण निम्म्या चौकाला माझ्यासारखंच अक्षर लागत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली ह्यांनी लिहिलं, 'पेठचा मजूर झिपरू पोलिसांच्या मारानं मेला.' बस्स, तेवढंच. दुपारी ह्यांनाच उचललं. मी पोलीस ठाण्यात हेलपाटे घालून घालून थकले, तेव्हा तिथले साहेब म्हणाले, त्याच फळ्यावर लिहू दे की झिपरू तापानं गेला, मग सोडतो. मी गजाआडून ह्यांना म्हणाले, लिहून टाका की एकदाचं, तुमच्या खडूवर काय चूल पेटती का? मला नवरा पाहिजे होता. बाकी गेलं खड्ड्यात.

सकाळी जीप आली. ह्यांची बोटं अशी सुजलेली की खडू धरवेना. साहेब शेजारी उभे राहून एकेक अक्षर तपासत होते. लिहून झालं तशी त्यांनी मान डोलावली, ह्यांना जीपमध्ये बसवलं अन् तात्यांना वाचायला सांगितलं.

तात्यांनी चष्मा पुसला अन् वाचलं, "पेठचा मजूर झिपरू पोलिसांच्या मारानं मेला."

साहेबांनी म्हाताऱ्याला ढकललं. शाळेत निघालेल्या, चौकातल्याच भाग्यश्रीला पुढं ओढलं. पोरीनं तेच वाचलं, पाढे म्हणतात तसं. साहेबांनी पुन्हा फळा बघितला. तापच लिहिलाय की, असं पुटपुटले अन् हवालदाराकडं वळले.

हवालदाराचे ओठ लय वेळ नुसतेच हलले. "साहेब," तो म्हणाला, "आपल्याच मारानं मेला. तसंच लिहिलंय."

साहेबांनी तळहातानं फळा पुसला. पार कोरा केला. तरी चौकातली माणसं हलली नाहीत, कोऱ्या फळ्याकडं बघत त्यांचे ओठ हलत होते.

मग साहेब माझ्याकडं आले. आवाज एकदम मऊ. "तुला वाचता येत नाही ना? मग काय लिहिलं होतं सांग. ताप म्हण, अन् ने नवऱ्याला घरी."

हे जीपमधून माझ्याकडं बघत होते. ताप, एवढाच शब्द. देवाशपथ, तोच म्हणायला मी तोंड उघडलं. समोर कोरा फळा, अन् जन्मात पहिल्यांदा मला अक्षरं लागायला लागली.

"पेठचा," मी वाचलं, "मजूर झिपरू..."