तिसऱ्या बोयापाशी

मिस्त्रीने बोटीच्या पुढच्या टोकावर टकटक केली, कान लावला, मग वीतभर खाली सरकून पुन्हा टकटक केली. बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकत होती, पाण्यापासून हातभर वर. धाकटी तिच्या सावलीत उभी राहून ऐकत होती. जुन्या जागी आवाज भरीव येत होता. दुरुस्त केलेल्या जागीही तसाच.

"घ्या, मडकं पक्कं आहे," मिस्त्री म्हणाला. "आता ही जागा सोडून कुठेही फुटेल."

"तुझ्या तोंडात साखर पडो," दादा म्हणाला.

"दादा, माझ्याकडे बघून बोला की. माझ्या खांद्याशी काय बोलता?"

"तुझा खांदा तुझ्यापेक्षा कमी बडबड करतो."

मिस्त्री खो खो हसला आणि क्रेनवाल्याला हात केला. पट्ट्या कुरकुरल्या. बोट पाण्याला टेकली, थोडी कलली, सावरली. धाकटीने श्वास सोडला आणि लगेच पुन्हा धरला. कुठून बुडबुडे येतात का ते ती बघत राहिली. आले नाहीत. खरं तर आले असते तर बरं, असं तिला वाटून गेलं.

पन्नाशी ओलांडली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. दादा जन्मभर मोठ्या जहाजांवर होता, ती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. "मी पाण्यावर, ही पाण्यात," असं तो चारचौघांत सांगायचा. नोकरी संपल्यावर त्याने ही शिडाची बोट घेतली आणि लांबच्या सफरीला बायकोला आणि बहिणीला बरोबर घेतलं.

सफर अर्ध्यावर अडकली. वादळाच्या त्या पहाटे दादा सुकाण्यावर होता. वहिनी त्याच्याशेजारी डोकं खाली घालून ओकत होती आणि धाकटी खाली केबिनमध्ये होती. धडक बसली तशी ती बाकावरून फेकली गेली. मग पाणी आलं. टोकाला भगदाड पडलं होतं, सुकाणू निखळलं होतं, आणि ओढून नेणारी बोट येईपर्यंत ती हातपंप मारत राहिली. अजूनही झोपेतून दचकून उठली की तिचा उजवा हात वर-खाली होत असायचा.

"ओंडका होता," दादा म्हणाला होता. "पाण्याखाली दडलेला. देवालाही दिसला नसता."

वहिनीने एक पाय धक्क्यावर ठेवला आणि पुढचा थेट घरी जाणाऱ्या बसमध्येच. हे दोघे मात्र बंदरात राहिले. कधी हवा दमट म्हणून राळ सुकेना, कधी सुकाण्याची खीळ भलत्याच मापाची आली, कधी वारा उलटा. मधूनच मिस्त्रीचे सासरे आजारी पडत. ते इतक्यांदा आजारी पडले की शेवटी दादाने त्यांची विचारपूस करायला फोन लावला, तर ते स्वतःच बोलले, ठणठणीत. प्रत्येक उशिराला दादा चरफडायचा. धाकटी तोंडाने त्याला साथ द्यायची आणि त्या रात्री तिला शांत झोप लागायची.

भगदाडाची कड पॉलिश पेपरने घासण्याचं काम तिने अंगावर घेतलं होतं. घासताना एका खोल ओरखड्यात तिला लाल रंग दिसला. आधी वाटलं गंज. तिने कापसावर थिनर घेऊन पुसलं. गंज थिनरने निघत नाही. हा निघाला, कापूस गुलाबी झाला. ओंडक्याला कोणी लाल रंग देत नाही. समुद्रात लाल रंग देतात तो वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयाला, लांबून दिसावा म्हणून.

तिने कापूस कचऱ्यात टाकला आणि वरून कागद टाकले. पावसात, लाटांत, कोणीही बोयावर आदळू शकतो. मग ओंडका का म्हणाला? विचारलं असतं तर त्याने हसून उडवून लावलं असतं. आणि हसला नसता तर, याचीच तिला जास्त भीती होती. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं तिने स्वतःला बजावलं. मिस्त्रीने राळ भरली आणि नमुनाही गेला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

"ठरलं का मग?"

"उद्या सकाळी."

"हं." मागे पंखा बंद केल्याचा खटका आला. "ह्यांच्याशी बोलत राहा गं."

"तो मला बोलू देतो होय?"

"तरी बोलत राहा."

"तूच ये ना, वहिनी. अजून वेळ आहे."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटतेच की."

"तुझी वेगळी," वहिनी म्हणाली, आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवून दिला.

सकाळ स्वच्छ निघाली. मिस्त्रीने दोर सोडून बोटीत फेकले. दादा सुकाण्याचा दांडा धरून बसला, शीड फुगलं, उजव्या गालावर वारा घेत बोट बंदराच्या वाटेला लागली. ही वाट अरुंद. दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक, आणि वाट दाखवायला तीन बोये. पहिले दोन हिरवे, तिसरा लाल. तिसऱ्यापाशी वाट वळते, म्हणून सरळ जाणारी बोट त्याच्यावरच जाते.

जहाजावरची एक शिस्त दादाने तिला तिच्या लहानपणीच, तळ्यातल्या होडीत शिकवली होती. सुकाण्यावर असेल त्याने खूण मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने ती बघून 'दिसली' म्हणायचं. एकाचे डोळे चुकतात, दोघांचे सहसा चुकत नाहीत.

"हिरवा, डावीकडे," ती म्हणाली.

"दिसला," दादा म्हणाला आणि दांडा जरासा ढकलला.

बोया मागे गेल्यावर तिच्या लक्षात आलं. सुकाण्यावर तो होता. आधी त्याने सांगायला हवं होतं. ती मागे मागे आठवत गेली. वादळाच्या आधीचे सगळे दिवस, सगळ्या खाड्या, सगळी बंदरं. प्रत्येक वेळी आधी तीच बोलली होती. होकायंत्राचा आकडासुद्धा तो तिलाच वाचायला लावायचा. "तू वाच, तुझा आवाज गोड आहे." ती लाजायची आणि वाचायची.

तिने पुढचा बोया शोधायला मान वळवली.

"दुसरा आला असेल ना गं?"

"आला. हिरवा, डावीकडे."

"दिसला."

तो प्रसन्न होता. मिस्त्रीच्या सासऱ्यांची नक्कल करत होता. समोर तिसरा बोया दिसू लागला. त्याच्यावर स्वच्छ ऊन पडलं होतं, लहान मुलालाही दिसेल असा. इथे पाणी शांत आहे, तिने विचार केला. काठ जवळ आहे, मिस्त्री अजून धक्क्यावर असेल. बघायचं तर इथेच. बाहेर गेल्यावर नाही.

तिने ओठ मिटले.

बोट सरळ चालली होती. दादाची नक्कल संपली. तो स्वतःशीच थोडं हसला आणि तिच्या हसण्याची वाट बघत थांबला. ती हसली नाही. मग तोही बोलायचा थांबला.

बोया मोठा होत गेला. आता त्याच्यावरचा पांढरा आकडा वाचता येत होता. तिने दादाकडे पाहिलं. तो समोर तोंड करून बसला होता. मान किंचित वळलेली, मिस्त्रीच्या खांद्याकडे बघताना वळायची तशी. डोळे उघडे. चेहऱ्यावर काही नाही. बोल, ती मनात म्हणत होती. सांग ना, लाल. एकदाच सांग, मी जन्मभर तुझे पाय धुवीन. बोयाच्या कडेचं शेवाळ दिसलं, त्यावर बसलेला पक्षी दिसला, पक्ष्याचा पिवळा डोळा दिसला. पक्षी उडाला.

"लाल! समोर! डावीकडे घे!"

त्याने दांडा अंगावर ओढला, उशीर न करता, अचूक. बोट फिरली. बोया उजवीकडून गेला, हात लांबवला असता तर शेवाळ हाताला लागलं असतं. लाट उसळून दोघांना भिजवून गेली.

बोया मागे डुलत राहिला.

"तुला दिसला नाही," ती म्हणाली.

"कडेचं दिसतं," दादा म्हणाला. "मधलं नाही. बघेन तिथे करडं ठिगळ येतं."

"वहिनीला माहीत आहे?"

"त्या पहाटे कळलं. तिने मान वर केली तेव्हा तिला बोया दिसला, मला नाही. तुला सांगू नको म्हणून मी तिच्या हातापाया पडलो."

तिला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. तिने तोंडावरचं खारं पाणी पुसलं. तिने पाहिलं, तो अजून तिच्या बाजूला कान देऊन बसला होता. बोया टळून गेला होता, तरी.

"मला नाही दिसला, पण त्याच्यावर पाणी आपटतं ते ऐकू आलं," तो म्हणाला. "जवळ आलंय हे कळत होतं."

"मग वळवली का नाहीस?"

"कुठल्या अंगाला वळवू? आणि तेव्हा माझं लक्ष बोयाकडे नव्हतंच. तू एकदम गप्प झालीस. मला वाटलं, तू पाण्यात गेलीस."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. ती त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती. इतका वेळ, स्वच्छ उन्हात, ती तिथेच बसून होती.

"मग हाक का नाही मारलीस?"

"आणि उत्तर आलं नसतं तर?"

समोर वाट संपत होती. पुढे उघडा समुद्र, काळसर, लाटांवर पांढऱ्या रेघा. आपण पाण्यात आहोत आणि बोट शीड फुगवून पुढे निघून जातेय, असं तिला क्षणभर दिसलं. बोटीवर एक माणूस मान वळवून चारी दिशांना कान देतोय.

"मी झोपल्यावर काय करणार होतास?"

"जागा राहणार होतो. ऐकत."

यावर तो स्वतःही हसू शकला नाही.

ती उठली, वाकून त्याच्याशेजारी आली आणि दांड्यावर हात ठेवला. त्याने लगेच सोडला नाही. तिनेही ओढला नाही. मग त्याची बोटं एकेक करून सुटली, आणि तो तिला जागा करून बाजूला सरकला.

तिने बोट वाऱ्यात वळवली. शीड फडफडलं, त्याच्याखालचा आडवा दांडा डोक्यावरून गेला. दादाने वेळेवर मान खाली घातली, कोणी न सांगता. शिडाचा दोर त्याने हवा तेवढाच सैल केला आणि पुन्हा गुंडाळून बांधला. आता वारा त्याच्या डाव्या गालावर होता. त्याला ते कळलं असणारच.

"धक्का दिसतोय," ती घाईने बोलू लागली. गप्प बसायची तिला आता भीती वाटत होती. "क्रेन दिसतेय. मिस्त्री गेला नाही अजून, कमरेवर हात ठेवून उभा आहे. लाल बोया जवळ येतोय, तो बाजूला ठेवून मी..."

दादाने चाचपडत हात पुढे केला. आधी तो हवेतच राहिला, मग तिच्या ओल्या कोटाची कड त्याला सापडली. ती त्याने मुठीत घट्ट धरली.

"आता नाही बोललीस तरी चालेल," तो म्हणाला.