टॅटूच्या दुकानातला थंड डबा

मी एक जुना वाफेचा डबा आहे. अंगाने स्टीलचा, झाकणाने जड आणि दिसायला कुकरच्या थोरल्या भावासारखा. मित्रांनो, तुम्ही मला स्वयंपाकघरात शोधू नका. मी एका टॅटूच्या दुकानात राहतो. माझी कहाणी गोड नाही, आणि ती गोड करून सांगायची माझी इच्छाही नाही.

कारखान्यातून मी थेट या दुकानात आलो. मला आणणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. सुईवर बसते ती धातूची नळी प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ते घासून धूत आणि माझ्या पोटात ठेवत. मग झाकण आवळत. आत वाफ अशी काही तापायची की जंतूंचं नामोनिशाण उरायचं नाही. सुई मात्र नवी असे, आणि तिचं पाकीट ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडत. लोक वैतागत. "मास्तर, अजून किती वेळ?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "घाई असेल तर कातडी घेऊन घरी जा. उद्या ये." लोक हसत, बसून राहत आणि जाताना माझ्याकडे बघून मान डोलावत. त्या काळी मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

पुढे मास्तरांची नजर गेली. दुकान भाच्याकडे आलं. त्याच सुमारास माझ्या आतली तापणारी तार जळाली. भाच्याने ती बदलली नाही. त्याने मला मागच्या खोलीतून उचलून दर्शनी टेबलावर मांडलं, फडक्याने चकचकीत पुसलं आणि माझ्या कपाळावर एक लाल दिवा बसवला. तो दिवा नुसता दिवा आहे. माझ्या पोटाशी त्याचा काडीचा संबंध नाही. नळ्या आता बेसिनच्या नळाखाली धरतात आणि एकाच ओल्या फडक्याने पुसतात. अशा रीतीने मी कामातून गेलो आणि खोटेपणाच्या कामाला लागलो.

एकदा एक ट्रकचालक सुजलेला दंड घेऊन परत आला. पट्टीतून पू झिरपत होता. भाचा त्यालाच म्हणाला, "तुम्हीच घाण पाणी लावलं असणार. आमच्याकडे मशीन आहे, हे बघा." त्या बिचाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला तोंड असतं तर मी भाच्याला तिथेच शिव्या घातल्या असत्या.

मग एके दिवशी दोन बहिणी आल्या. थोरलीचं छातीचं ऑपरेशन झालं होतं. त्या व्रणावर तिला एक वेल गोंदवून घ्यायची होती. अंगात अजून ताकद नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं की तुला साधा संसर्गही झेपायचा नाही, दुकान खात्रीचं असेल तरच जा. सकाळपासून त्या दुकानं पालथी घालत होत्या.

"ताई, आता बस कर गं," धाकटी म्हणाली. "इथे मशीन तरी आहे."

"व्यायामाचं मशीन माझ्याही घरात आहे. वर्षभर त्यावर कपडे वाळतायत."

भाचा पुढे आला. "बिनधास्त बसा ताई. तुमच्यासाठीच आत नळी ठेवलीय. दिवा लागलाय ना?"

"उघडा की मग."

"आत वाफ आहे. भाजेल तुम्हाला."

"भाजू दे. एवढी कापून घेतलीय, त्यात थोडी भाजेन."

असं म्हणून तिने आपला तळवा माझ्या झाकणावर ठेवला. किती वर्षांनी कोणी मला काही विचारत होतं! मी थंडगार होतो. तिने भाच्याकडे बघितलं. तो खुर्चीवरची चादर सारखी करू लागला.

"चल," ती बहिणीला म्हणाली.

"अगं, मग वेलीचं काय?"

"व्रण आहे तसा राहील. निदान तो माझा आहे."

बाकावर कॉलेजातला एक मुलगा बसला होता. दारातून मागे वळून ती त्याला म्हणाली, "बाळा, ते मशीन बंद आहे. हात लावून बघ."

"काकू, लाल दिवा दिसत नाही का?" तो हसून म्हणाला. तो उठला, बाही वर सारली आणि खुर्चीत जाऊन आडवा झाला.

त्या दोघींना पुढे खात्रीचं दुकान मिळालं की नाही, मला माहीत नाही. त्या मुलाच्या दंडाचं काय झालं, तेही मला कळलं नाही. तो परत आलाच नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि हौसेने अशाच एखाद्या दुकानात शिराल. भिंतीवरची चित्रं मग बघा. आधी सुईचं पाकीट समोर फोडायला लावा, आणि माझ्यासारख्या डब्याचं झाकण उघडायला लावा. दुकानदार चिडला तर चिडू दे. तुम्हाला उद्धट म्हणाला तर म्हणू दे. तुमची लाज त्याच्या फार कामाची असते. आम्हाला ओरडता येत नाही. विचारायचं तुम्हालाच आहे.