आयसीची राखण

कोरड्या ओढ्यावरून ज्याचं नाव ड्रायफोर्क पडलं, ते गाव धरणाच्या पाण्यात बुडालं, या विनोदावर हसता हसता एक अख्खी पिढी टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत जाऊन निजली. आता त्यावर कुणी हसत नाही. टेकडीवर वसलं तेही ड्रायफोर्कच. एक पेट्रोलपंप, एक शाळा आणि बाप्टिस्टांची दोन चर्चं. दोन, कारण चर्चमध्ये पियानो असावा की नसावा यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

त्या वर्षी पाऊस धड झाला नाही, त्यात धरणाचा दरवाजा दुरुस्तीला काढला. तळं खाली खाली गेलं आणि ऑक्टोबरात जुनं गाव वर आलं. आधी लाकूड-गिरणीचं धुराडं, मग शाळेच्या पायऱ्या, मग रस्ता. गाळानं लिंपलेला, पण वळणं तीच. लोक घडीच्या खुर्च्या आणि तळलेली कोंबडी घेऊन काठावर जाऊन बसायला लागले. "ती चूल दिसते ना, तिथंच माझ्या आजीनं आजोबाला तवा फेकून मारला होता," असं कौतुकानं एकमेकांना दाखवायला लागले.

व्हर्ली कॉगडिल गेली नाही. ती शाळेतली स्वयंपाकीण. घेवडा आणि मक्याचा पाव वाढताना पोरं खालच्या गावाच्या बातम्या द्यायची, ती "पाव खा आधी" म्हणून त्यांना गप्प करायची. खाली तिची आई होती.

धरण झालं तेव्हा ज्या ज्या घरांनी हो म्हटलं, त्यांची मेलेली माणसं सरकारनं वर आणून दिली होती. सगळ्यांनी हो म्हटलं. एकट्या व्हर्लीच्या बापानं नाही म्हटलं. आयसी, त्याची बायको, त्याच वर्षी बाळंतपणात गेली होती. बाळही तिच्याच कुशीत पुरलं होतं. "दमलीय ती," बाप म्हणाला. "झोपू द्या तिला." व्हर्ली तेव्हा नऊ वर्षांची, तिचा भाऊ टॅल्मेज सोळाचा. लोकांनी टोप्या काढल्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं म्हणाले, आणि पाणी आलं.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट सगळे विसरले. खरं तर ती ड्रायफोर्कच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेवटी जो पुरला गेला, त्यानं दफनभूमीची राखण करायची. फाटक सांभाळायचं, जमीन झाडून ठेवायची. पुढचं माणूस आलं की त्याची सुटका. त्या डोंगरी मुलखात कबरींवर गवत उगवू देत नाहीत. माती उघडी, लखलखीत, खराट्याच्या रेघा उठलेली हवी. गिरणीच्या काळात करवतीनं कुणाचा हात तुटला तर तोही रीतसर पुरायचे, आणि तोही राखणीला लागायचा. एल्झी प्लॉटच्या तुटलेल्या बोटांनी एक अख्खा हिवाळा काढला होता. जिवंत एल्झी वर शेकोटीशी बसून बोटं गारठली म्हणून कण्हायचा.

आयसीनंतर खाली कुणीही पुरलं गेलं नाही. हे व्हर्लीच्याही डोक्यात आलं नव्हतं, ती खाली गेली त्या रविवारपर्यंत.

गेली ती एवढ्याचसाठी, की निदान एकदा लेकीच्या हातानं आईची जागा झाडली जावी. चर्च सुटल्यावर, लख्ख उन्हात, डॉगवूडच्या काटक्यांचा खराटा खांद्यावर टाकून ती उतरली. खाली पाखराचा आवाज नव्हता. गाळाला मासळीचा आणि लोखंडाचा वास. बूट घोट्यापर्यंत रुतत होते. शाळेच्या मागं उंचवटा, उंचवट्यावर दफनभूमी, गंजून घट्ट बसलेलं फाटक.

फाटकाच्या आत गाळ नव्हता.

लाल माती झाडून स्वच्छ केलेली होती. वर नेलेल्या कबरींचे खड्डे, आणि त्यांच्याभोवती काटक्यांच्या बारीक, ओलसर रेघा. पाऊल एकही नाही. झाडायची रीत अशी, की टोकाच्या कबरीपासून सुरू करायचं आणि मागं मागं सरकत फाटकाशी यायचं. आपलीच पावलं पुसत बाहेर पडायचं. या रेघा उलट्या होत्या. फाटकापासून निघालेल्या, एकेका रिकाम्या खड्ड्याला वळसा घालत मागं मागं गेलेल्या, आणि आयसीच्या दगडाशी संपलेल्या. झाडणारं बाहेर पडलंच नव्हतं.

व्हर्लीनं फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. हातातला खराटा फाटकावरून आत टेकवून ठेवला आणि ती चढाला लागली. वर पोचून मागं वळून पाहिलं, तेव्हा खराटा तिथं नव्हता.

टॅल्मेज ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसला होता. साखरेच्या दुखण्यापायी त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापला होता. पाय होता मूडीकडं, म्हणजे गावात जो मेलेल्यांची व्यवस्था बघतो त्याच्याकडं, थंड खोलीत एका पेटीत. टॅल्मेजला जरा बरं वाटलं की वर पुरायचा होता.

"टॅल्मेज, आई झोपलेली नाहीये," व्हर्ली म्हणाली आणि पाहिलं ते सगळं सांगून मोकळी झाली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुणी पोरांनी चावटपणा केला असेल."

"पोरांनी? झाडून? ती पोरं मला माहीत आहेत. स्वतःचं ताट उचलत नाहीत मेली."

"मग वर आणू तिला. अर्ज देऊ."

"इथं आणली की इथंही शेवटची तीच. चाळीस वर्षं राबून आलीस, ये बाई, हा घे इथला खराटा! आणि अर्जाचं उत्तर येईस्तोवर पाणी चढेल. शुक्रवारी दरवाजा बसवतायत."

"मग काय आहे तुझ्या मनात?"

व्हर्लीनं त्याच्या पायाकडं पाहिलं. म्हणजे पाय असायचा तिथं.

"अजिबात नाही," टॅल्मेज म्हणाला.

"मी काही बोलले का?"

"तुझं तोंड आधी बोलतं, आवाज मागून येतो. लहानपणापासून. अगं, माझा पाय आहे तो!"

"होता."

"पेटीत असला म्हणून काय परक्याचा झाला? आणि माझ्या पायानंतर तिथं कोण येणार आहे? कुणी नाही. जन्माचा अडकला की तो."

"हो," व्हर्ली म्हणाली. त्याला फसवून न्यायचं तिच्या मनात नव्हतं. "अडकेल."

टॅल्मेजनं तंबाखूची पिंक टाकली. "एल्झीची बोटं आठवतात?"

"आठवतात."

"किती कण्हायचा तो." मग दुसरीकडंच बघत, "मला मिसरूड फुटलं तरी आई बुटावरून अंगठा दाबून बघायची. बूट लहान झाला का म्हणून. चारचौघांत! गिरणीतली माणसं हसायची." मग, "एकटीच झाडत होती?"

"एकटीच. रिकामे खड्डे. सगळे वर निघून गेले हे तिला कुणी सांगितलंच नाही रे."

तळ्याच्या बाजूला धुराड्याचं टोक दिसत होतं. टॅल्मेज त्याच्याकडं बघत राहिला.

"मूडीला म्हणावं, पाय सरळ ठेव," तो शेवटी म्हणाला. "वाकडा पुरला तर कळा मारतो."

शनिवारी दुपारी मूडीच्या ट्रकमधून सगळे उतरले. टॅल्मेज ऐकेना, म्हणून त्यालाही खुर्चीसकट नेलं. ब्रदर प्लेमन्स, पियानोवाल्या चर्चचे पाद्री, म्हणाले की नुसत्या पायासाठी प्रार्थना कुठं लिहिलेली नाही; पण आले, आणि टोपी छातीशी धरून उभे राहिले. पाणी गिरणीच्या जोत्याला लागलं होतं. गंजलेलं फाटक ढकलायला दोघांना जोर लावावा लागला.

व्हर्लीचा खराटा आयसीच्या दगडाशी पडला होता. नवा कोरा खराटा, आठवड्यापूर्वी बांधलेला. झिजून मूठभर उरला होता.

मूडीनं आयसीच्या शेजारी खणलं, पेटी ठेवली, पाय सरळ आहे ना ते झाकण उघडून टॅल्मेजला दाखवलं. माती लोटली. टॅल्मेजनं खुर्ची दगडापाशी घ्यायला लावली आणि हात पुढं करून दगडाला टेकवला.

"आई," तो म्हणाला, अगदी जेवायला हाक मारावी तसा. "बदली आलीय. तू जा आता. बाकीचे सगळे पुढं गेलेत."

झालं काहीच नाही. वारा सुटला नाही, पान हललं नाही. सगळे निघाले. व्हर्लीनं आपल्या हातानं फाटक ओढून कडी घातली. ट्रकपाशी आल्यावर मूडी एकदम थांबला.

"व्हर्लीबाई, फाटक लावलंत ना?"

फाटक सताड उघडं होतं. बाहेरच्या बाजूनं, ओल्या गाळात, अनवाणी पावलांची एक ओळ रस्त्याकडं निघाली होती आणि थोड्या अंतरावर विरून गेली होती. पावलं लहान होती, बाईमाणसाची. डाव्या कडेवर मूल घेतल्यावर जशी पडतात तशी, एका बाजूला जरा जड.

"राहू दे उघडं," व्हर्ली म्हणाली. आणि ट्रकमध्ये बसून, गावात पोचेपर्यंत, हुंदके देत रडली. टॅल्मेज तिच्या पाठीवर थोपटत होता आणि मूडीला "पुढं बघून चालव" म्हणून दटावत होता.

रात्रीतून पाणी फाटकावरून गेलं. हिवाळ्यापर्यंत धुराडंही बुडालं आणि लोकांनी घडीच्या खुर्च्या माळ्यावर टाकल्या.

व्हर्ली रोज सकाळी शाळेआधी भावाकडं डोकावते. तो उठून ओसरीवर बसलेला असतो, विजारीचा रिकामा पाय दुमडून पिनेनं वर टाचलेला.

"त्या शनिवारी," एकदा तो आपणहून म्हणाला, "आपण घरी आल्यावर, अंधार पडायच्या सुमाराला, कुणीतरी अंगठा दाबला माझा. डाव्या पायाचा. बूट लहान झाला का बघतात ना, तसा. मग सोडला."

"आणि मग?"

"मग गार लागायला लागलं."

व्हर्लीनं त्याची पिन काढली. दुमड ओली होती, पिळली तर पाणी निघेल इतकी, आणि शिवणीत लाल बारीक गाळ बसला होता. कालही होता. ती दुसरी विजार घेऊन आली, त्याला ती घालायला मदत केली आणि ओली विजार बादलीत टाकली.

"फार दमतो का रे?" तिनं विचारलं.

"जमीन फार आहे," टॅल्मेज म्हणाला. "आणि गाळ रोज येतो." मग तिचा चेहरा बघून, "रडू नकोस आता. तू कशाला रोज धूत बसतेस? उद्या परत भिजणार ती."

"भिजू दे," व्हर्ली म्हणाली आणि बाह्या वर सारल्या. "झाडायचं तुझ्याकडं, धुवायचं माझ्याकडं."