मास्तरांचा उजवा पाय

“मग बोकडानं हॉर्न वाजवला?”

“वाजवला म्हणजे काय! चांगला दोनदा. ट्रकवाल्यानं गाडी बाजूला घेऊन वाट दिली, वर सलाम ठोकला.”

सिस्टर खळखळून हसल्या आणि हसता हसताच, लोण्यातून केस काढावा तसा त्यांनी तिसरा गिअर टाकला. हसणाऱ्या माणसाचे खांदे सैल पडतात आणि सैल खांद्यांनाच गाडी वश होते, हे माझं शिकवण्याचं शास्त्र. त्यासाठी बोकड, उडता ट्रॅक्टर, तीन गावं रिव्हर्समध्ये गेलेला इन्स्पेक्टर अशा शंभरेक थापा मी कायम जवळ बाळगून असे.

थापांना बंदी नव्हती. बाकी सगळ्याला होती. मालकांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर नियमच लावले होते : शिकणाऱ्याच्या हाताला हात लावायचा नाही. त्याच्या घरी चहाला जायचं नाही. तासाबाहेर फोन नाही. सव्वीस वर्षांत मी यातला एकही मोडला नव्हता. गिअर दाखवायला माझ्याकडे लाकडी पट्टी होती. ती इतकी सरावली होती, की टेबलावर ठेवली तरी आपोआप न्यूट्रलकडे वळायची.

सिस्टर सरकारी दवाखान्यात वॉर्डात होत्या. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, घरात एकटी आई, तिची नजर जवळजवळ गेलेली. दवाखान्यानं घरोघर जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सची एक जागा काढली होती. गाडी दवाखान्याची, पण लायसन्स महिनाअखेरीपर्यंत हवं.

“ती जागा मिळाली ना सर, की दुपारी वाटेतच घरी डोकावता येईल. आईला दोन घास गरम वाढता येतील. आत्ता ती चाचपडत स्टोव्हजवळ जाते आणि इकडे इंजेक्शन देताना माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं.”

“मिळणार हो जागा. पंधरा दिवसांत तुम्हाला विमान चालवायला बसवतो की नाही बघा.”

बाराव्या दिवशीच त्या तयार झाल्या. पाण्याच्या टाकीजवळचा चढ, जिथं भले भले घाम पुसतात, तिथं त्यांनी गाडी थांबवली, क्लच अर्धा सोडला, गाडी थरथरली, ब्रेक सोडला आणि वर नेली. मी नुसता बघत राहिलो. एवढा समजूतदार डावा पाय मी जन्मात पाहिला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. बसला तो धसका. परीक्षा झाली की सकाळचे सात वाजणार आणि गाडीत कुणीतरी दुसरंच असणार. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी माझ्या थापांना हसायला कुणी नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ होतं, तेही मागे पडायचं.

गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याचं चुकलं, तर मास्तरनं दाबायचा. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर सिस्टरांनी बरोबर ठरल्यासारखं सगळं केलं, पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेला आणि माझ्या उजव्या पायानं जरासा, अगदी सुपारीएवढा भार दिला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

“अगं बाई! काय केलं मी?”

“काही नाही हो. क्लच लवकर सुटला. होतं असं.”

“पण काल तर जमलं होतं.”

“कालचं नशीब. आणखी चार दिवस घेऊ. जादा तासांचं काही द्यायचं नाही बरं का.”

आणि या शेवटच्या वाक्यामुळे मी स्वतःला उदार समजत होतो, बघा! हातानं मी कधीच मर्यादा सोडली नाही. पट्टीसुद्धा चार बोटं लांब धरायचो. सोडली ती पायानं, आणि पायाचा नियम मालकांच्या भिंतीवर नव्हता.

चाराचे नऊ दिवस झाले. रोज नाही, एक दिवसाआड मी गाडी बंद पाडायचो. बंद पडली की त्या कपाळावर हात मारायच्या, मी बोकडाची गोष्ट पुढे न्यायचो, त्या हसायच्या. पण हळूहळू हसण्याआधी थोडी वाट बघावी लागायला लागली. चढ लांबून दिसला, की त्यांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडत. एकदा त्या म्हणाल्या, “तुमचा गुडघा दुखतो का हो? उतरताना धरता.” मी म्हणालो, “ब्रेक मारून मारून झिजलाय. आमच्या धंद्याचा दागिना आहे तो!”

मग शहाणपण सुचलं. शेवटचे तीन दिवस मी पाय पार मागे घेतला. पण उशीर झाला होता. आता गाडी माझ्याशिवायच बंद पडू लागली.

परीक्षेच्या मैदानात इन्स्पेक्टर माझ्या जागेवर बसला आणि मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. तिथल्या चढावर सिस्टरांची गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा त्यांनी घाबरून क्लच दाबूनच ठेवला आणि गाडी मागे घरंगळत जाऊन मातीनं भरलेल्या पिंपावर टेकली. पिंप हललंसुद्धा नाही. इन्स्पेक्टरनं कागदावर फुली मारली.

ती जागा दुसऱ्या नर्सला गेली. सिस्टर निरोप घ्यायला स्कूलमध्ये आल्या. माझ्यासमोर त्यांनी एक पुडकं ठेवलं. आत गुडघ्याला घालायचा पट्टा होता, दवाखान्यात मिळतो तो, चांगला जाड.

“माझ्यापायी फार ब्रेक दाबावे लागले तुम्हाला.”

“पुन्हा परीक्षा देता येते, सिस्टर. मी शिकवतो ना!”

“नको सर. तुमचा काही दोष नाही. काही पायांना नाहीच जमत.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पुडकं पुन्हा बांधत बसलो. आयुष्यभर बोकडांना हॉर्न वाजवायला लावणारा मी!

चार वर्षं गेली. एके सकाळी एका कॉलेजातल्या मुलीला शिकवत होतो, तर टाकीखालच्या बसथांब्यावर सिस्टर उभ्या. मी गाडी थांबवायला लावली. “बसा, दवाखान्यापर्यंत सोडतो.” त्या मागे बसल्या.

“आई कशा आहेत?”

“गेली, मागच्या वर्षी. दुपारी. मी वॉर्डात होते.” त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

चढावर मुलीनं गाडी बंद पाडली. “मी काही केलं नाही हो सर, आपोआप!”

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. “घाबरू नकोस. क्लच अर्धा सोड. गाडी थरथरली? तिथंच थांब. आता ब्रेक सोड.” गाडी पाण्यासारखी वर गेली.

“मावशी, तुम्हाला इतकं येतं, मग बसनं का जाता?”

“मला नाही ग जमत,” सिस्टर म्हणाल्या.

दवाखान्याच्या फाटकाशी मी त्यांच्यामागे उतरलो. “सिस्टर, एक सांगायचं राहिलंय. तुमची गाडी तुम्ही बंद पाडत नव्हता. मी पाडत होतो. माझ्या ब्रेकनं. तुम्ही बाराव्या दिवशीच तयार होतात. तास संपू नयेत म्हणून...” मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

त्यांनी माझ्या उजव्या बुटाकडे पाहिलं. मग हसू लागल्या, डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसल्या.

“सर, तुमच्या थापा अजून तशाच! मला बरं वाटावं म्हणून किती कराल हो?”

“थाप नाही, सिस्टर. शपथ घेतो.”

“त्या बोकडाचीसुद्धा घेतली होतीत.” त्यांनी पिशवी खांद्यावर सारखी केली. “गुडघ्याला पट्टा लावता ना?”

मी मान हलवली. तो पट्टा अजून पुडक्यातच आहे.

त्या फाटकातून आत गेल्या. मी गाडीत येऊन बसलो.

“निघू का, सर?”

“नीघ.”

“पुढच्या चढाला तुम्ही ब्रेकवर पाय ठेवा हं, मला भीती वाटते.”

मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि पट्टीनं तिला पहिला गिअर दाखवला.