लाल दोऱ्याचा घोडा

तुम्ही खोटा शिक्का मारलात. कुणाला विचारलं नाहीत, कुणाची बाजू ऐकली नाहीत. एका बाईच्या नावापुढे तुम्ही तीन शब्द चिकटवलेत, ‘यंत्राची मदत घेतली’, आणि दार लावून घेतलंत. खेळाचं संकेतस्थळ चालवणारे तुम्ही, स्वतःला निर्णय मंडळ म्हणवून घेणारे तुम्ही. तिनं तीन पत्रं पाठवली. तुमच्याकडून तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. आता मी बोलतो. मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही. पण तो डाव चालला तेव्हा तिच्यासमोर कोण होतं, तर मी होतो.

मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, पटाला कसला आलाय राग? चौसष्ट घरं अंगावर घेऊन पडून राहायचं, लोक खेळतील तसं खेळू द्यायचं. चाळीस वर्षं मी तेच केलं. पण गेले पाच महिने माझ्या अंगावर एक अर्धा डाव तसाच उभा आहे. पांढऱ्याला दोन चालींत मात करता येते आणि चाल करायला कुणी येत नाही. तोंडात घास धरून बसवल्यासारखं झालंय. गिळू देत नाहीत, थुंकू देत नाहीत. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मला बाबांनी बनवलं. बाबा सुतार; दिवसभर खिडक्यांच्या चौकटी करायचे. त्यांची मुलगी सात वर्षांची असताना जिन्यावरून पडली आणि पाय मोडून दोन महिने खाटेला खिळली. गप्प बसणारी पोर नव्हती ती. प्लास्टरमधल्या पायानंसुद्धा भिंतीला लाथा घालायची. बाबांनी चौकटींतून उरलेले तुकडे गोळा केले, बत्तीस फिकट, बत्तीस गडद, आणि मला जोडलं. मोहरे त्यांनी स्वतः कातले. माझ्या एका कोपऱ्यातलं घर केसभर वर राहिलं. त्यावर ठेवलेला मोहरा जरा डुगडुगतो. बाबा म्हणाले, रंधा मारून सपाट करतो. मुलगी म्हणाली, राहू दे, त्यावरून माझी बाजू कुठली ते कळेल. तेव्हापासून ते घर तसंच आहे आणि ती बाजू तिची आहे.

पाय बरा झाला, पण खेळ सुटला नाही. शेजारपाजारचे सगळे तिच्याकडून हरून गेले. घरचे लोक पाहुण्यांना मला दाखवत, बाबांच्या हाताचं कौतुक करत. मग ती मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायला लागली, आणि माझे वाईट दिवस आले. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले गेले. एकदा गरम इस्त्रीही ठेवली. तो डाग अजून आहे. घर बदलताना माझा एक पांढरा घोडा आणि एक पांढरा उंट हरवला. कुणी शोधलेसुद्धा नाहीत. पटाचं काय, तो कुठं बोलतोय.

मला परत बाहेर काढलं ते फ्रेमवाल्यामुळे. फ्रेमवाला म्हणजे तिच्याच दुकानात चष्म्याच्या फ्रेमा बसवणारा. त्याला ती म्हणाली होती की आता बुद्धिबळात राम नाही, लोक पहिल्या पंधरा चाली पाढ्यासारख्या म्हणून टाकतात, डोकं सोळाव्या चालीला वापरतात. तेव्हा त्यानं तिला तुमचं संकेतस्थळ दाखवलं. तिथं प्यादी तेवढी आपल्या जागी असतात. मागच्या रांगेतल्या आठांची दर डावाला चिठ्ठ्या टाकून बदली होते. वजीर कोपऱ्यात जाऊन पडतो, घोडा मध्येच येऊन बसतो. नियम दोनच. राजा दोन हत्तींच्या मधे कुठंतरी हवा, आणि दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर हवेत. दोन्ही बाजूंची मांडणी सारखी. अशा नऊशे साठ मांडण्या होतात. पाठांतराला जागाच नाही.

आणि घाईलाही नाही. एका चालीला तीन दिवस. समोरचा कुठल्या देशात बसलाय कोण जाणे. त्याची चाल चार अक्षरांत येते, कुठल्या घरातून कुठल्या घरात, एवढंच. ती चाल माझ्यावर करायची, विचार करायचा, आपली चाल चार अक्षरांत परत पाठवायची. दिवसभर काचा आणि दिवा बघून तिचे डोळे चुरचुरत, म्हणून पडद्यावरचं चित्र ती उघडतच नसे. पडदा तिच्यासाठी टपालपेटी होता. खेळ माझ्यावर.

खरं सांगतो, मला ते जगणं सोपं गेलं नाही. पूर्वी माझ्या घरांना माहीत असायचं, इथं कोण उभा राहणार. आता दर डावाला नवा शेजार. आणि ती तीन दिवसांची वाट! ती येता-जाता मला बघायची. दात घासताना बघायची. चप्पल घालून दारातून परत यायची, एक प्यादं उचलायची, पुन्हा होतं तिथं ठेवून जायची. बाबा म्हणायचे, अगं एकदा बस तरी किंवा जा तरी. ती बसायचीही नाही, जायचीही नाही. घरभर ही चुळबुळ चार वर्षं चालली, आणि मला सांगायला लाज नाही की तीच माझी सगळ्यांत चांगली वर्षं होती.

हरवलेल्या दोघांच्या जागी तिनं दोन टोपणं घेतली होती. दोन्ही बाबांच्या डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्यांची, पांढरी, सारखी. घोडा ओळखू यावा म्हणून एका टोपणाला तिनं लाल दोरा बांधला. दोरा असेल तो घोडा, नसेल तो उंट.

बाबा आता सत्तरीच्या पुढचे. औषध घालत, पण चष्मा म्हटलं की हात झटकत. मुलगी गावाला चष्मे देते आणि बाप घरात भिंत चाचपत फिरतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मात्र मला पुसायचं काम त्यांनी कधी सोडलं नाही. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं, एकेक मोहरा उचलून, घर पुसून, त्याच घरावर परत.

तिचा शेवटचा डाव लिफ्टवाल्याशी होता. त्याचं खरं नाव आम्हाला माहीत नाही. तो कुठल्यातरी दूरच्या शहरात बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो. चालीबरोबर कधीतरी एखादी ओळ लिहायचा. आज नवव्या मजल्यावर अडकलो होतो म्हणून उशीर झाला, असं. ती उत्तर द्यायची, अडकलात तर चाल तरी नीट विचार करून केलीत ना? चार वर्षांत दोघांचे एकवीस डाव झाले. दहा त्याचे, दहा हिचे, एक बरोबरीत. बाविसावा डाव दीड वर्ष चाललेल्या स्पर्धेचा शेवटचा डाव होता. हसतखेळत खेळणारे दोघं एकदम गप्प झाले. नुसती चार अक्षरं येऊ-जाऊ लागली.

आता ऐका, कारण हे तुम्ही ऐकलेलंच नाहीत.

एका सकाळी बाबा पुसत असताना लाल दोरा सुटून पडला. त्यांनी तो उचलला, दोन्ही टोपणं बोटांनी चाचपली आणि दोरा दुसऱ्याच टोपणाला बांधला. उंटाचा घोडा झाला, घोड्याचा उंट. मला लगेच कळलं. माझ्यावर तिचे दोन्ही उंट काळ्या घरांवर उभे होते, आणि असं कधीच नसतं. नेहमीच्या मांडणीत हाताला सवय असते, चूक खटकते. इथं दर वेळी सगळंच नवीन, खटकणार काय? मी तर लाकूड. फार तर कोपऱ्यातलं घर डुगडुगवलं असतं, पण त्यावर त्या वेळी कुणी उभं नव्हतं.

चार दिवसांनी तिनं वजीर पुढे नेला, थेट हत्तीच्या तोंडासमोर. तिच्या हिशेबानं लाल दोऱ्याचा घोडा त्याला राखत होता. चार अक्षरं गेली. लिफ्टवाल्यानं अडीच दिवस घेतले. फुकटचा वजीर कोण देतो, असं त्याला वाटलं असणार. शेवटी त्यानं हत्तीनं वजीर मारला. ती घोड्यानं हत्ती मारायला गेली, तर पडद्यानं चाल घेतली नाही. तेव्हा तिनं पहिल्यांदा चित्र उघडलं. तिथं घोडा नव्हता. उंट होता.

तिनं दोरा सोडला, बरोबर टोपणाला बांधला, आणि बाबांना काही बोलली नाही. त्या दिवशी जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती माझ्यापुढे बसली ती उठेचना. हत्ती जागचा हलल्यानं समोरच्या राजाच्या अंगणाचं फाटक उघडं पडलं होतं, आणि तिचा उंट लांबून नेमका त्या फाटकावर रोखलेला होता. हे तिनं योजलं नव्हतं. पण दिसल्यावर सोडलंही नाही. पुढच्या अकरा चाली तिनं एकटीनं शोधल्या, प्रत्येकीला पुरते तीन दिवस घेऊन. वजीर गेला ती चूक होती. त्यानंतरचं सगळं तिचं होतं. माझ्या घराघरावर तिच्या बोटांचे घामेजलेले ठसे उमटले, त्यांची शपथ घेऊन सांगतो.

मात दोन चालींवर आली आणि तुमचा शिक्का आला. डाव लिफ्टवाल्याला दिला, तिचं खातं बंद. कारण एका ओळीचं: ‘अशी चाल माणूस करत नाही.’

साहेब, माणूसच करतो. वजीर असा घालवायला माणूसच लागतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात फ्रेमवाल्यानं तिच्या नावापुढचा शिक्का पाहिला. तिनं घरी येऊन सांगितलं, ते मी ऐकलं. तो म्हणाला होता, “काय ताई, काचा तरी हातानं घासतेस ना?” ती म्हणाली, “काचा मशीनच घासतं. मी नुसती उभी असते, तुझ्यासारखी.” दुकानात सगळे हसले. घरी सांगताना ती हसली नाही.

मग तिनं तुम्हाला पत्र लिहिलं. मोहरे बदलले गेले होते, मी चुकून वजीर घालवला, असं लिहिलं. मी चोर नाही एवढं सांगायला तिला आधी मी मूर्ख आहे हे लिहून द्यावं लागलं. बाबा पलीकडे बसले होते. पत्र ती मोठ्यानं वाचून बघत होती.

“कुणी बदलले मोहरे?” बाबांनी विचारलं.

“मांजरानं असतील.”

“आपल्याकडे मांजर नाही.” बाबांनी हात लांबवून टोपणाचा दोरा चाचपला. म्हणाले, “दोरा सुटला होता, तो मी बांधला. मला वाटलं, तोच घोडा.”

“जाऊ द्या, बाबा. डाव तर मी जिंकतच होते.”

“म्हणूनच विचारतोय. जिंकत होतीस, आणि माझ्यामुळे गेला ना?”

पत्रात तिनं बाबांचं नाव घातलं नाही, पुढच्या दोन पत्रांतही नाही. बाबा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता दुकानात गेले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. नंबर निघाला. काचा तिनं घासल्या. फ्रेमवाल्यानं स्वतःहून फ्रेम बसवून दिली आणि म्हणाला, “काका, आता मोहरा उचलताना त्याला नाव विचारा.” त्या दिवसापासून त्यानं ताईची थट्टा केलेली नाही.

आता बाबा चष्मा लावून मला पुसतात. एकेक मोहरा उचलतात, डोळ्यांशी धरतात, त्याच घरावर ठेवतात. अर्धा डाव ते हलू देत नाहीत. ती मात्र माझ्याकडे बघत नाही. तोंड फिरवून जाते, आणि दारात गेली की पाऊल तेवढं अडखळतं. तिला जिंकण्याचं काही पडलेलं नाही. तिला एकच गोष्ट खाते: लिफ्टवाल्याला काय वाटलं असेल? खात्याबरोबर तुम्ही दोघांच्या बोलण्याची खिडकीही बंद केलीत. तो तिकडे कुठल्यातरी मजल्यावर उभा राहून समजत असेल की चार वर्षं आपण एका यंत्राशी बोलत होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी पट असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, इस्त्री ठेवू नका, हरवलेला मोहरा शोधा. आणि कुणाची चाल कळली नाही, तर आधी त्याला विचारा. चोर नंतर म्हणा. लाकडालाही एवढं कळतं.

आणि मंडळातल्या साहेबांनो, एका चालीला तीन दिवस, तीन दिवसांत चाल आली नाही तर डाव गेला, हा नियम तुमचा. तिनं चार वर्षांत एकदाही वेळ चुकवली नाही. तिचं शेवटचं पत्र तुमच्याकडे जाऊन चार महिने झाले, आणि छापील उत्तर म्हणजे चाल नव्हे. स्पर्धेतला विजय तुमच्याकडेच ठेवा. लिफ्टवाल्याला एक ओळ लिहिता येईल एवढी खिडकी उघडा, आणि तो शिक्का कशावरून मारलात ते तिला लिहून सांगा. चाल तुमची आहे.