तोंड बाहेर करून लावलेली गाडी

साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी कृष्णात आबांनी एकतीस वर्षं चालवली. तेवढ्या काळात चेअरमन चार झाले, गाड्या सहा झाल्या, ड्रायव्हर एकच. आज त्यांच्या स्वतःच्या जुन्या अल्टोत एकुलती एक लेक वर्षाराणी होती. कॅनडात नोकरी लागलेली. कोल्हापूरहून हैदराबाद, तिथून पुढं नकाशा संपेपर्यंत. मोठी बॅग पुढच्या सीटवर बसली, म्हणून लेक मागं बसली. घोटाळा तिथंच झाला.

विमानतळाच्या दारात ती म्हणाली, "आबा, गाडी लावून लगेच या. तुम्हाला आत सोडत न्हाईत, मी हितंच थांबते. भेटल्याबिगर आत जाणार न्हाय."

"व्हय, व्हय."

आबांनी मागचं दार उघडून धरलं. ती उतरली, बॅग उतरली. दार लागलं आणि पुढचं सगळं हातांनीच केलं. गाडी सरळ राखीव रांगेत, झाडाखाली, उलटी लावून, तोंड बाहेर. आबांनी काच खाली घेतली आणि बसून राहिले.

गार्ड आला. छातीवर नाव, पिराजी.

"पावणं, पास कुठाय?"

"साहेबांची गाडी हाय."

"कुठल्या साहेबांची?"

आबांनी आरशात बघितलं. मागची सीट रिकामी होती.

"आत गेलेत."

"साहेब अल्टोतनं फिरतात व्हय? काढा, काढा. पब्लिक पार्किंग पल्याड हाय."

आबा पब्लिकमध्ये गेले. तिथंही गाडी उलटी लावली, तोंड बाहेर, आणि बसून राहिले. ड्रायव्हर दारापर्यंत जात नसतो. बोलावणं येतं, मग गाडी हलते.

फोन वाजला.

"आबा, कुठं हायसा? अर्धा तास झाला!"

"गाडीत."

"गाडीत काय करताय?"

आबांनी आरसा सरळ केला.

"काउंटर बंद करायला लागलेत! या की लवकर!"

आबा पळाले. वाटेत पिराजी ओरडला, "तिकडनं न्हवं मामा, हिकडनं!" काचेपाशी पोचले तेव्हा ती पलीकडं, पाठमोरी, फोन कानाला लावून चालली होती. आबांनी खिसा चाचपला. फोन गाडीत राहिला होता. काच वाजवावी, तर तिथं हात लावू नये अशी पाटी. आबा पाट्या पाळत आले होते.

गाडीत येऊन पाहिलं, तीन मिस्ड कॉल. आता रडू येईल म्हणून ते थोडा वेळ थांबले. आलं नाही. विमान डोक्यावरून गेलं.

तासाभरानं फेरी मारत पिराजी आला. "मामा, विमान गेलं की कवाच. आता कुणाची वाट बघताय?"

"उडालं म्हणून लगेच निघायचं नसतं," आबा म्हणाले. "एकदा बिघाड हून परत आलतं. साहेब दारात, आन् गाडी न्हाय. लई बोलणी खाल्ली."

पिराजीनं आभाळाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं.

आबा उतरले, फडकं काढलं आणि मागच्या दाराची काच पुसायला लागले.