गप्प केलेला भोंगा

"मागे सरका, मागे सरका! बाबांना हात उचलायला जागा द्या!"

चेला असं ओरडला आणि लाँचमधली साठ माणसं एकमेकांचे पाय तुडवत मागे सरकली. खरं तर सरकायला जागाच नव्हती. बसायची सोय चाळिसांची. पण शांतिबाबा ज्या फेरीला असत, त्या फेरीला लोक लोंबकळतसुद्धा येत. ड्रायव्हरने चावी फिरवली. समोरच्या पॅनलवर दोन लाल दिवे पेटले आणि भोंगा असा काही किंचाळला, की माझ्या दातांत कळ गेली.

"आली!" बाबा गरजले. "पाण्यातली डाकीण भुकेली आहे! साठ जीव मागतेय!"

आयांनी पोरं पोटाशी धरली. बाबांनी उजवा हात उचलला, डोळे मिटले, ओठ पुटपुटले. हात खाली आला, ड्रायव्हरने बटण दाबलं, इंजिन धडधडलं, दिवे विझले, भोंगा गप्प. लोकांनी एकच जयजयकार केला.

मी सोडून. मी एकतीस वर्षं तांत्रिक शाळेत डिझेल इंजिन शिकवलंय. चावी फिरवली की तेलाचा आणि बॅटरीचा दिवा लागणारच, भोंगा वाजणारच. इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब चढला की सगळं आपोआप गप्प होतं. उलट वाजला नाही तर काळजी करायची! या लाँचचा भोंगा दोन वर्षं मुका होता. बाबा अवतरले त्याच आठवड्यात मालकाने तो दुरुस्त करून घेतला. त्या कंजूष माणसाने खिशात हात घातला, हाच काय तो चमत्कार.

पण सांगणार कुणाला? बाबांच्या शेजारी, मानाच्या जागी, माझी बायकोच बसली होती.

तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. चार वर्षं आम्ही आठवड्यातून तीनदा खाडीच्या पलीकडच्या काठावर डायलिसिसला जातोय. रस्त्याने पाच तास, पाण्याने पाऊण तास. बाबा महिनाभर तिला रोज एक पुडी देत होते. तिचं अंग दुखायचं थांबलं, झोप लागायला लागली. आणि आज सकाळी चपला घालता घालता ती म्हणाली, "अहो, आजचं शेवटचं हं. बाबा म्हणाले, आतला भोंगा शांत झालाय. परवापासून यंत्राची गरज नाही."

"अगं, यंत्र सोडलंस तर आठ-पंधरा दिवसांत तू नसशील!"

"तुम्हाला मेलं नेहमी आपलंच खरं करायचं असतं," असं म्हणून तिने तोंड फिरवलं, ते अजून फिरवलेलंच होतं.

पुढे ती, मागे गर्दी, खाली पाणी. पळायचं म्हटलं तरी कुठे पळणार? ड्रायव्हर माझाच जुना विद्यार्थी. मागे एकदा त्याला कोपऱ्यात गाठून झापलं होतं, तेव्हा तो रडकुंडीला आला. "सर, मालकांनी बजावलंय, तोंड उघडलंस तर घरी बस. दोन पोरं आहेत हो मला." तोही माझ्यासारखाच अडकलेला.

पाण्याच्या मध्यावर भोंगा पुन्हा किंचाळला.

या वेळी तिसराच दिवा लागला होता, तापमानाचा. बाबांनी हात उचलला. भोंगा चालूच. बाबांनी दुसरा हात उचलला. भोंगा चालूच, बिचाऱ्याला बाबांची थोरवी कुणी सांगितलीच नव्हती. बाबांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी चेल्याला डोळ्याने खुणावलं. चेला नमस्काराच्या निमित्ताने पॅनलपाशी वाकला. भोंगा तटकन थांबला. लोक तर नाचायचेच बाकी राहिले.

लाल दिवा मात्र तसाच जळत होता. मी कठड्यावरून वाकून मागे पाहिलं. धुराबरोबर गार करणारं पाणी बाहेर पडायला हवं, त्याचा थेंब नव्हता. नुसती वाफ आणि जळक्या रबराचा वास.

"इंजिन बंद कर!" मी ओरडलो.

"खबरदार!" बाबा माझ्याहून मोठ्याने ओरडले. "ती आत्ता कुठे निजलीय. इंजिन थांबलं तर सगळ्यांना तळाला नेईल!"

झालं! दोन आडदांड गडी इंजिनच्या झाकणावरच जाऊन बसले. एका शेठजींनी माझी कॉलर धरली. "ओ मास्तर, आम्हाला मारता काय?"

"अहो, इंजिन जाम झालं तर पुन्हा चालू होणार नाही! समोर रेल्वेच्या पुलाचे खांब बघा, प्रवाह तिकडेच ओढतोय!"

कोण ऐकतो! ड्रायव्हरचा हात चावीवर होता, पण फिरत नव्हता. सगळं कळत होतं आणि हलता येत नव्हतं, आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नाही.

तेवढ्यात बायकोचा बारीक आवाज आला. "मूठ उघड रे."

तिने चेल्याचं मनगट धरलं होतं. "यानं पॅनलखालून काहीतरी उपटलं. मी पाहिलंय. उघड म्हणते ना!"

चेल्याचा नाइलाज झाला. मूठ उघडली. आत वीतभर वायरचा तुकडा.

"अहो, ही कसली?" तिने मला विचारलं.

"भोंग्याची."

"मग तो दिवा का जळतोय अजून?"

"इंजिन अजून तापतंय म्हणून. यानं फक्त ओरडणाऱ्याचा गळा दाबलाय."

ती बाबांकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, माझी कुठली वायर उपटलीत?"

ड्रायव्हरने चावी फिरवली. इंजिन थांबलं. मी सांगायच्या आधीच त्याने धावत जाऊन नांगर सोडला.

सगळे जीव मुठीत धरून तळाला जायची वाट बघत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणीही आलं नाही, कुणाला नेलं नाही. एक पोर तेवढं भूक लागली म्हणून रडलं. शेठजींनी माझी कॉलर स्वतःच नीट केली. झाकणावरचे दोघे खाली बघत उठले.

इंजिन जरा निवल्यावर मी आत उतरलो. बाहेरून पाणी घेणारा वॉल्व्ह बंद केला आणि गाळणीचं झाकण उघडलं. आत शेवाळ आणि फाटकी प्लास्टिकची पिशवी, गच्च बसलेली. ती पिशवी मी सगळ्यांसमोर धरली. "ही बघा तुमची भुकेली!"

गाळणी बसवली, वॉल्व्ह उघडला, भोंग्याची वायर जोडली. ड्रायव्हरने चावी फिरवताच भोंगा किंचाळला. मी हात उचलून गरजलो, "बे एके बे! बे दुणे चार!" ड्रायव्हरने बटण दाबलं, इंजिन लागलं, भोंगा गप्प. आधी एक म्हातारी हसली, मग सगळी लाँच हसली. मागून धुराबरोबर पाणी पडताना मी प्रत्येकाला दाखवलं. काठ लागताच बाबा सगळ्यांत आधी उतरले आणि त्या दिवशी त्यांना उतरायला कुणी हात दिला नाही. मालकाविरुद्धच्या तक्रारीवर बेचाळीस सह्या झाल्या, म्हणून ड्रायव्हरची नोकरीही वाचली.

डायलिसिसच्या डॉक्टरीणबाईंनी पुडी तपासायला पाठवली. कुटलेल्या वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या निघाल्या. "दुखणं गेलं नव्हतं," त्या म्हणाल्या, "कळणं गेलं होतं."

त्या दिवशी मात्र यंत्राला जोडल्यावर बायको एकदम रडायला लागली. "मी काही वेडी नाहीये हो. मला कंटाळा आलाय. कुणीतरी 'संपलं' म्हणायला हवं होतं, ते त्यानं म्हटलं."

मी नुसता तिचा हात धरून बसलो, आणि मला माझी लाज वाटली.

तेव्हा सांगतो ते ऐका. दिवा लागला, भोंगा वाजला, तर तो गप्प करणाऱ्याच्या पाया पडू नका. थांबा, झाकण उघडा, बघा; आपल्याला कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारा. आणि घरातलं कुणी असल्या बाबाच्या नादी लागलं असेल, तर त्याची अक्कल काढण्याआधी त्याला कुठे दुखतंय ते विचारा. मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.